गडगडाटाचं घरचं नाव

दि. ३ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कोणत्या नावानं लिहावं हा प्रश्न होता, म्हणून जन्माच्या क्रमानं लिहिलं. तो बदलायचा अर्ज अजून निघालेला नाही.

मी बरी आहे. गुडघा कुरकुर करतो, पण त्याचं ऐकतंय कोण! मागच्या खोलीचं छत गळत होतं, ते एकदाचं दुरुस्त झालं. आमच्या सरकारी छापखान्यात बाबांच्या खुर्चीवर नवीन मुलगी आली आहे. हुशार आहे, फक्त वाचायचा कंटाळा करते. मुद्रितं तपासायला बसायचं आणि वाचायचा कंटाळा! असो. जग असंच चाललं आहे.

तुझ्या सेक्रेटरीचं पत्र पोचलं. ‘आदरणीय महोदया’ अशी सुरुवात. सख्ख्या बहिणीला. दुसऱ्या भागाचं शूटिंग परदेशात आहे, करार नव्या नावानं आहे आणि पासपोर्ट जुन्या, तेव्हा नऊ वर्षांपूर्वी गॅझेटमध्ये आलेल्या नावबदलाच्या सूचनेची प्रत पंधरा दिवसांत पाठवावी, असं म्हणणं आहे. त्याचं खाली लिहिते. आधी तुझ्या सिनेमाबद्दल.

पाहिला. दुपारच्या खेळाला गेले होते. बाहेर पोस्टरवर माणसाएवढ्या अक्षरांत ‘गडगडाट’ आणि आत अडीच तासांत ते नाव घेतलं किती जणांनी? एकानं. एका हवालदारानं, तेही टिंगल म्हणून, आणि सगळं थिएटर खो खो हसलं. ज्या नावावर तिकिटं खपवायची, त्याचीच लाज वाटते तुम्हा लोकांना.

लहानपणी जिन्यात बसून आपण ‘गडगडाट’ची मूळ चित्रकथा वाचायचो, आठवतं? तिचा नियम काय होता? निळा पोशाख अंगावर चढला की त्याला घरच्या नावानं हाक मारायची नाही. कुणीच नाही. एका अंकात त्याची आई पुलाच्या कठड्याला लोंबकळत असते, हात सुटायला आलेला असतो, तरी ती ‘गडगडाट!’ असंच ओरडते. आपला मुलगा कुणाला कळू नये म्हणून. ते वाचून तू रात्री जेवला नव्हतास. आणि सिनेमात? तीच आई भर चौकात, टीव्हीवाल्यांच्या देखत त्याला घरच्या नावानं हाका मारत सुटते, दूधवाल्याला मारावी तशी. खलनायकही त्याच नावानं बोलतो, जणू दोघं एका बाकावर शिकले. मुखवटा तर दर दहा मिनिटांनी उतरतो. तुझं तोंड दिसायला हवं ना! मग घातला कशाला? मुंडाशासारखा डोक्याला गुंडाळायचा होता.

त्यावर कडी तुझ्या मुलाखतीची. कात्रण शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कौतुकानं आणून दिलं. “टोपणनावं लहान मुलांना ठीक आहेत. आजच्या प्रेक्षकाला आतला माणूस हवा. आणि माणूस त्याच्या खऱ्या नावातच सापडतो.” वा! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जूनमध्ये मी तुझ्या ऑफिसात फोन केला होता. तुझं नाव सांगितलं, बाबांनी ठेवलेलं. पलीकडची पोरगी म्हणाली, “सॉरी मॅडम, या नावाचं इथं कुणी नाही.” मी म्हटलं, “बरोबर आहे, बाई,” आणि फोन ठेवला. काम काही विशेष नव्हतं.

आता प्रतीचं.

प्रत मिळणार नाही. कारण ती सूचना छापलीच गेली नाही.

एवढं लिहून उठले होते. चहा केला, तो ओट्यावरच विसरले आणि परत येऊन बसले. लिहायलाच हवं, तर सगळं लिहिते.

आमच्याकडे मुद्रित दोघांनी तपासायचं असतं. एकानं मूळ अर्ज मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं पेन्सिल घेऊन छापील मजकुरावर नजर ठेवायची. बाबांचं नोकरीतलं ते शेवटचं वर्ष. मी वाचायचे, ते तपासायचे. तू अर्ज टाकला आहेस हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. गठ्ठ्यात तो सव्विसावा की सत्ताविसावा होता. मी आपली यंत्रासारखी वाचत गेले. जुनं नाव. नवं नाव. जुनं आडनाव. नवं आडनाव. कारण : व्यावसायिक. बाबा म्हणाले, “पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचलं. त्यांनी खाली सही केली आणि नेहमीसारखं लिहिलं : ‘ठीक. छापावे.’ मग म्हणाले, “पुढचा घे.”

छपाईकडे गठ्ठा मी नेला. वाटेत जिन्यावर तुझी सूचना काढून घेतली आणि तिच्या जागी पुढच्या अंकासाठी थांबलेली दुसरी एक घातली. पुढच्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, “ताई, झालं का?” मी म्हटलं, “झालं.” तू कधी प्रत मागितली नाहीस. पडद्यावर नाव लावायला कागद लागत नाही.

इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आले की हे बाबांसाठी केलं. साफ खोटं. बाबांनी सही केली होती. मी केलं ते रागानं. तू घरातून निघून गेलास, छापखाना, बाबांचा दमा, हे घर सगळं माझ्या गळ्यात टाकून. आणि वर आमचं नावही खोडायला निघालास. मला वाटलं, जा हवा तिकडे, पण कागदावर राहशील आमचाच. मोठी पराक्रमी मी! तुझ्या सिनेमाला नावं ठेवते आणि स्वतः काय केलं, तर जिन्यात उभं राहून चोरी.

पण खरं लिहायचं आहे ते याच्या पुढचं.

त्या संध्याकाळी बाबांनी मला विचारलं, “आता त्याला हाक काय मारायची गं? नवं जिभेवर बसत नाही. आणि जुनं त्यानं टाकलंय, ते आपण घेणं बरं नव्हे.” म्हणून तुझा फोन आला की ते नुसतं “हं, बोल” म्हणायचे. सात वर्षं. ‘छापलंच नाही, मारा हाक’ एवढं मी म्हणायचा अवकाश होता. म्हटले नाही, कारण मग चोरी सांगावी लागली असती.

ते गेले तेव्हा तू चार तासांपुरता आलास, काळा चष्मा लावून. दारात मला म्हणालास, “शेवटपर्यंत त्यांनी माझं नाव घेतलं नाही, ताई. इतका राग?” मी तेव्हाही मूग गिळून बसले. राग त्यांना नव्हता रे. तुझा मान ठेवत होते ते. राग माझा होता आणि दोष त्यांच्या माथी गेला.

सोबत तीन कागद आहेत. एक माझा कबुलीजबाब, सही करून. वकिलाला दे. वरिष्ठांकडे दुसरी प्रत उद्या मीच देते आहे. सरकारी कागद दडवला आहे, नोकरी जाईल, जाऊ दे. दुसरा नवा कोरा अर्ज. छापून यायला सहा आठवडे लागतात, म्हणजे तुमचे पंधरा दिवस हुकलेच. दुसरा भाग हातचा गेला तर तो माझ्यामुळे, हे सगळ्यांना खुशाल सांग.

तिसरं ते मुद्रित. बाबांना तू ओळखतोस. किराणाच्या यादीवरसुद्धा समासात प्रश्नचिन्हं काढणारा माणूस. हा कागद उजेडात धरून बघ. मी पुष्कळदा धरलाय. तुझ्या नव्या नावापुढे नाही, कारणापुढेही नाही. कुठेच त्यांनी शंका काढलेली नाही.

खाली ‘ताई’ लिहायला आज हात धजत नाही. पण मला दुसरं नाव नाही.

ताई