खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

११ सप्टें., गुरु.
आज परत ती पट्टी आली. १४ ऑक्टोबरनंतर विंडोज १० ला सपोर्ट नाही, ११ घ्या. वैतागून स्क्रीनच्या त्या कोपऱ्यावर काळी टेप चिकटवली. पार्टनर तानाजी हसला. "युनूस, टेपनं कॉम्प्युटर आंधळा हुतोय व्हय रं?" तानाजीला सगळ्याची मस्करी.

वायरकट मशीन ह्याच डबड्यावर चालतं. तार कुठं वळायची, पोलाद कुठं कापायचं, सगळं हाच सांगतो. ते सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी कधीच बुडाली. ११ वर चाललं नाही तर मशीन भंगारात. आणि कुपवाडच्या ह्या शेडमध्ये दुसरं आहे काय?

१६ सप्टें., मंगळ.
साताऱ्याला गेलो, ज्यांची कामं करतो त्या कंपनीत. परचेसच्या साहेबांनी चहा पाजला, बिस्किटं पुढं केली. मग म्हणाले, "शिकलगार, जुनी सिस्टिम दिसली की ड्रॉइंग पाठवणं बंद. वरचा हुकूम आहे. दसऱ्यानंतर माणूस बघायला येईल." आवाजसुद्धा चढवला नाही. आमचं बारा आणे काम ह्यांचं.

एसटीतून तानाजीला फोन. तो म्हणाला, करून टाकू. मग स्वतःच, "पण आत्ता पितृपक्ष हाय. नवीन काय नको. घट बसू देत." फौजेत सतरा वर्षं काढलेला माणूस हा! पण मला बरंच वाटलं.

२० सप्टें., शनि.
मागच्या गल्लीतल्या शेडचा कॉम्प्युटर लॉक झाला. लाल स्क्रीन, इंग्रजीत पैसे मागतायत. मालक पायरीवर बसलेला. त्याचाही जुनाच होता. पेनड्राइव्हमधून आलं म्हणे. लोक येऊन बघून जात होते, मयताला आल्यासारखे. मी पण थोडं थांबलो नि निघालो.

आमच्या पेनड्राइव्हला हात लावायचं धाडस होईना.

२५ सप्टें., गुरु.
सांगलीहून कॉम्प्युटरवाला आला. विचारलं, नवीन वेगळा घेतो, हा नेट काढून नुसता मशीनला ठेवतो, तर? म्हणाला, जुना शेडमध्ये दिसला की कंपन्या काम काढून घेतात, कुठल्या का कोपऱ्यात असेना.
"अकरावर आमचं सॉफ्टवेअर चालंल?"
"चालायला पाहिजे."
"नाही चाललं तर मागं येता येतंय?"
"यायला पाहिजे."
आम्ही दोघं, दोन कामगार; ह्या 'पाहिजे'वर चौघांची चूल ठेवू? डोकंच फिरलं. चहासुद्धा विचारला नाही त्याला. नंतर वाईट वाटलं.

२८ सप्टें., रवि.
तानाजीनं विंडोज अकरा नेटवरून उतरवून ठेवलंय. मला सांगून. "नुसतं आणून ठेवलंय रं, बसवलं न्हाई. तू व्हय म्हणशील तवाच." मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. जेवण गेलं नाही आज.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
मशीनं पुसली. हळद-कुंकू, झेंडू. आमच्या अब्बांच्या धार लावायच्या चाकापासून हे चालत आलंय. आता नारळ मी आणतो, फोडतो तानाजी. पूजेआधी मेन स्विच पाडायचा हा त्याचा नियम, हत्यारानं एक दिवस निवांत पडायचं. कॉम्प्युटर मी वर्षभर बंद करत नाही, परत उठेल का ह्या भीतीनं. फक्त आजच्या दिवशी.

मेनू उघडला. 'शट डाऊन' दिसलं, दाबलं. त्याच्या आधी 'अपडेट' लिहिलेलं वाचलंच नाही. निळ्या स्क्रीनवर टक्के चढायला लागले. तानाजीची बायको, सुमनवहिनी, ताट घेऊन उभ्या. कापूर पेटलेला. "आवं, किती येळ?" मग स्क्रीन काळी झाली. मी म्हटलं, "झालं." तानाजीनं मेन पाडला.

आणि डब्यातला पंखा थांबताना ऐकू आला. म्हणजे तोवर अपडेट चालूच होतं. या अल्ला. यूपीएसची बॅटरी मेलेली, दिवाळीत बघू म्हणत होतो...

आरती सुरू झाली. मी टाळ्या वाजवत राहिलो.

२ ऑक्टो., गुरु. दसरा
तानाजीला सांगितलं. त्यानं आपट्याचं पान हातात ठेवलं, गळ्यात पडला. मस्करी नाही, काही नाही. "आज सणाचं नको. उद्या बघू." हा पण घाबरलाय.

३ ऑक्टो., शुक्र.
सकाळीच साताऱ्याचा फोन. ड्रॉइंग मेल केलंय, आज कळवा. माणूस सोमवारी येतोय.

हार काढला. "दाब तू." "तू दाब." शेवटी मीच दाबलं. पंखा फिरला. काळ्या स्क्रीनवर पांढरे ठिपके गोल फिरतायत, बाकी काही नाही. कॉम्प्युटरवाला फोन उचलत नाही. कामगारांना चहाला जा म्हटलं, एकही हलला नाही. जुम्म्याची अजान झाली तरी मला उठवेना. तिथंच बसून हे लिहितोय.

तानाजी शेजारी येऊन टेकला. "युनूस, हे उठलं न्हाई तर मला पेन्शन तरी हाय रं. तुझं कसं हुयाचं?"

वाईट नाही बोलला, काळजीनंच बोलला. पण इतकी वर्षं शेडमध्ये काहीही बिघडू दे, तो म्हणायचा, आपलं कसं हुयाचं. मी त्याच्याकडं बघितलं नाही. ठिपके अजून फिरतायत.