हिरवी तार

चियायी,
३ मार्च २००६

चि. चुन-हुंग यास ताईचे आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे धडधाकट आहेत, फक्त सासूबाई तुझ्या दाजींशी बोलत नाहीत. दाजींनी त्यांच्या रेडिओचा अडॅप्टर मुगाच्या गोड सुपात पाडला. दुपारचं संगीत नाटक बंद. नवा रेडिओ आणला, तर त्यातले गायक परके वाटतात म्हणे. समोर बसलेल्या आपल्याच मुलाला लोणच्याची वाटी सरकवायलासुद्धा त्या माझ्याकरवी सांगतात.

अडॅप्टर बाजारात मिळेल, पण दाजींचा हेका, की मी बिघडवलं, मीच नीट करीन. निवृत्त माणूस, वेळ भरपूर. पोरीच्या जुन्या कॉम्प्युटरमधली विजेची पेटी उपटून काढलीय. त्यातून हवा तसा वीजपुरवठा काढणार म्हणे. तू तंत्रशाळेत शिकवतोस, तूच थांबव.

माया आहेच, पत्रातूनही दिसू दे.
तुझी,
युए-चिन

ताइचुंग,
८ मार्च

ति. ताईस सा. न. वि. वि.

संसार करून तुला जे जमलं नाही, ते मला एका पत्रात कसं जमावं? निदान जिवंत राहतील एवढं बघ. पेटी उघडायची नाही. प्लग काढला तरी आत वीज साठलेली असते. बाहेरच्या तारांवरच काम करायचं, तेही प्लग काढून. लाल तार पाच व्होल्टची. तिच्यावर गाडीचा छोटा दिवा लावा, काही पेट्या भाराशिवाय चालत नाहीत. पिवळी बाराची, तीच रेडिओला; आधी रेडिओवर बारा लिहिलंय ना, आणि अधिक-उणे कुठे आहे, ते पाहा. हिरवी तार काळीला जोडली की पेटी सुरू.

दाजींना नमस्कार, लांबूनच.
तुझा,
चुन-हुंग

चियायी,
१६ मार्च

चि. चुन-हुंग यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र समोर ठेवून दाजींनी तारा जोडल्या. पेटी ढिम्म. परत जोडल्या, परत ढिम्म. मग तुझ्या शाळेचा उद्धार झाला, तो लिहीत नाही.

सासूबाई शेजारी शेंगा सोलत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "अरे गाढवा, ती लाल आहे. हिरवी ही."

दाजींनी प्लग काढून तार बदलली, प्लग लावला. पंखा घरघरला, दिवा लागला.

चुन-हुंग, लाल-हिरवं त्यांना सारखंच दिसतं. इतकी वर्षं मला पत्ता नाही! इंजिनाच्या काजळीचा कंटाळा म्हणून ड्रायव्हर न होता रेल्वेत कारकुनी घेतली, असं मला लग्नात सांगितलं होतं. सासूबाईंना मात्र लहानपणी दाजी कच्चे टोमॅटो पिकलेले म्हणून आणायचे तेव्हापासून ठाऊक. कुणाला बोलल्या नाहीत. त्या दुपारी खुर्ची ओढून बसल्या आणि एकेक तार हातात धरून लेकाला रंग सांगत राहिल्या.

रेडिओ लागला. पण पेटीचा पंखा इतका घोंघावतो, की नाटकातलं अक्षर कळत नाही. सासूबाई रेडिओला कान चिकटवून बसतात आणि दाजी खोलीत आले की सांगतात, आवाज पूर्वीपेक्षा किती स्वच्छ येतो.

मुलांना पापे. येऊन जा, ऐकायला नाही, बघायला.
तुझी,
ताई