अर्धा आटा सैल

बाबा, मी गाडी घेतली. जुनीच आहे. डिचोलीची मावशी अंथरुणाला खिळली आहे आणि आईला बसचे धक्के सोसत नाहीत, म्हणून घेतली. आठव्या दिवशी समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि दिवा विझेपर्यंत बसणार नाही म्हणत आई इब्रामपूरच्या चढावावरच खाली उतरली. "दिवो पालवल्याशिवाय हांव हीत बसची ना. ट्रकवाल्याची बायल आसां हांव, म्हाका शिकोवं नाका."

मी घरातली पहिली पदवीधर, तेव्हा गाडीचं पुस्तक पेन्सिलीने खुणा करत दोनदा वाचलं. दर दोन पानांनी ते म्हणे, जाणकाराला दाखवा. धारगळच्या मेस्त्रीने तीनदा दिवा घालवला. पेट्रोल भरलं की दोन-चार दिवसांत तो पुन्हा हजर. आईने गावच्या राखणदार देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. मी तिला अंधश्रद्धेवर चार शब्द सुनावले, तर म्हणाली, "तुझ्या मेस्त्रीन तरी कितें केलां गो?"

चौथ्या वेळी मेस्त्री म्हणाला, "बाय, म्हज्यासमोर पेट्रोल भर." पंपावर मी नेहमीसारखी उतरले, टाकीचं झाकण स्वतः लावलं आणि अर्धा आटा मागे फिरवलं. तुम्हीच शिकवलेलं. लहानपणी, खाणीवरून आलात की मला ट्रकच्या टाकीपाशी उभी करायचात, झाकण लावायला द्यायचात. एकदा मी ते गच्च आवळलं, तर शेजाऱ्यांसमोर ओरडलात, "गाडी गुदमरून मरतली गो!" खाणीच्या लाल धुळीने झाकणाचं हवेचं भोक बुजायचं, मग टाकीत हवा न शिरल्याने डिझेल पुढे येत नसे आणि भरलेला ट्रक चढावात बंद पडे. तुमचं बरोबरच होतं. मी मात्र तो सगळ्या गाड्यांचा नियम समजून बसले.

मेस्त्रीने झाकण टकटक वाजेपर्यंत फिरवलं. "हांगाच्यान वाफ भायर सरता, म्हणून दिवो. हें कोणे शिकयलां तुका?"

"पंपावरच्या माणसाने," मी म्हटलं. तो माणूस नळी हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला.

मग दोन आठवडे दिवा लागला नाही. काल आई पुढच्या सीटवर बसली, मांडीवर मावशीसाठी पेजेचा डबा.  अस्नोड्याला पोचल्यावर तिने विचारलं, काय बिघडलं होतं.

"टाकीचं झाकण सैल राहत होतं."

"इतलेंच? तुझो बापूय आसलो जाल्यार पयल्याच दिसा वळखतलो आसलो."

मी तोंड उघडलं, आणि "होय" म्हटलं.

हा कागद मी फाडणार आहे, कारण घरातलं प्रत्येक चिटोरं आई वाचते. पंपावरच्या त्या माणसाची माफी मागायला हवी, हे कळतं मला. पण हल्ली मी पेट्रोल दुसऱ्या पंपावर भरते.