त्रिकोणातले अर्धे आणि मुख्याध्यापकांचा वर आलेला हात

प्रति,
मा. शिक्षण अधिकारी,
विभागीय शिक्षण कार्यालय, परळ, मुंबई.

(मुख्याध्यापकांमार्फत)

विषय : सातवीचा गणिताचा तास अर्जदाराकडेच ठेवणे व मुख्याध्यापकांना त्या तासापुरते अन्यत्र गुंतवणे याबाबत.
संदर्भ : गणित काढून कार्यानुभव देण्याचे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार सुनेत्रा कांदळगावकर या चिंचपोकळीच्या उदयप्रभा विद्यामंदिरात गणित शिकवतात. त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचे सूत्र सातवीला तोंडपाठ होते. "त्यातलं अर्धं आलं कुठून?" असे त्यांनी विचारताच वर्ग एका सुरात म्हणाला, "पुस्तकातून!"

अर्जदाराने पुस्तके मिटवून रद्दी व कात्र्या वाटल्या. मुलांनी आयत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापले, तुकडे एकमेकांवर ठेवले, ते तंतोतंत जुळताच जो काही आरडाओरडा केला, त्याने मुख्याध्यापक श्री. हेमचंद्र प्रधान धावत आले. "बाई, हा गणिताचा तास की मखराची तयारी?" असे म्हणून त्यांनी आपल्याकडे तक्रार केली. त्यावरून संदर्भीय पत्र निघाले. ते वाचून अर्जदाराचा जीव थोडाथोडा झाला, हे नमूद करणे भाग आहे.

पत्र द्यायला प्रधान सर वर्गातच आले. जाता जाता म्हणाले, "त्रिकोणात काटकोन नसला तर काय कराल?"

कु. मनवा उठली. "सर, हा कागद धरा ना." तिने त्रिकोणाच्या टोकापासून पायापर्यंत सरळ कापले. "आता दोन्हींत काटकोन आला. हा आपल्या आयताच्या अर्धा, तो त्याच्या. म्हणजे सगळा मिळून अर्धाच!"

सरांनी तुकडे पुन्हा जोडून पाहिले आणि ते हळूच खिशात घातले.

तेव्हापासून पत्राची अंमलबजावणी थांबवून ते रोज शेवटच्या बाकावर बसतात, ही आनंदाची बाब आहे. तथापि प्रश्न विचारताच पहिला हात त्यांचाच वर येतो. "सर, मुलांना सांगू द्या," अशी विनंती केल्यास "माझा हात आधी होता" असे उत्तर मिळते. मंगळवारी विशालकोन त्रिकोणाची उंची बाहेर का पडते, यावरून त्यांचा व मनवाचा वाद रंगला. शिपाई घंटेसाठी सरांच्या खुणेची वाट पाहत राहिला आणि अख्ख्या शाळेची मधली सुट्टी लांबणीवर पडली. मुले डबे हातात घेऊन दाराशी उभी होती.

सबब विनंती की,
(अ) संदर्भीय पत्र रद्द व्हावे.
(ब) गणिताच्या तासाला प्रधान सरांना आपल्या कार्यालयात बैठकीस बोलवावे. विषय कोणताही चालेल.

आपली नम्र व उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
सुनेत्रा कांदळगावकर
दि. १८ जुलै २०२५

सोबत : कापलेले त्रिकोण (मनवाचे वगळून, ते सर देत नाहीत).

मुख्याध्यापकांचा शेरा : (अ) मान्य व्हावी, अशी जोरदार शिफारस. (ब) ला सक्त हरकत. उद्यापासून वर्तुळ सुरू होत आहे.
— हे. प्रधान