इकबालच्या फळ्यावरचा अंदाज

प्रिय इकबाल,

तू गेल्यापासून चार महिने मी तुझ्या दुकानाची पायरी चढले नव्हते. काल चढले, आणि तिथे मी जे केले ते तुझ्याखेरीज कोणाला सांगावे, हे मला कळत नाही.

परवा नसरीनचा फोन आला. "मॅडम, लोक येतात, इचारतात, गेमचा नवीन कन्सोल येनारे म्हनं, आता घेऊ का थांबू? फळ्यावरची जागा कोरी हाय. तुमी लिवाल का?" तुझ्या पत्नीने आजवर माझ्याकडे काहीही मागितले नव्हते. मी तरीही म्हणाले, अधिकृत आकडे हाती आल्यावाचून मी लिहीत नाही. ती शांतपणे म्हणाली, "आकडे आल्यावर कोन इचारील, मॅडम?"

भिसेगावातल्या त्या दुरुस्तीच्या दुकानातला तो पांढरा फळा! नवा कन्सोल बाजारात येण्याच्या वर्षभर आधी तू त्यावर त्याच्या ताकदीचा अंदाज लिहायचास. ग्राफिक्स चिप सेकंदाला किती लाख कोटी गणिते करील, मेमरी किती असेल, वीज किती खाईल. खाली सही. पुढे खरे आकडे आले की शेजारी लाल शाईने तेही. लोक त्यावर विसंबून खरेदी ठरवत, आणि मी, एकाच वर्गात तुझ्याबरोबर शिकलेली आणि पुढे संगणकरचनेत डॉक्टरेट केलेली, त्याला बाजारगप्पा म्हणत असे.

मागच्या कन्सोलच्या वेळचे आठवते? मी दोन पानांचे निर्दोष गणित मांडून आणले होते. तू कंपनीतून आधीच बाहेर फुटलेल्या छायाचित्रातली यंत्राच्या पाठीमागची जाळी भिंगाने पाहत बसला होतास. "गणित बरोबर हाय गं, मृणाल. पण एवढ्या भोकांतून एवढी गरम हवा निघंल का?" भोके मोजून संगणकशास्त्र होत नाही, असे मी चारचौघांत सुनावले. खरा आकडा आला तो तुझ्या आकड्याला खेटून. मी काय केले? कंपनीची मोजण्याची पद्धत सदोष आहे, यावर तुला अर्धा तास व्याख्यान दिले! तू ऐकून घेतलेस, वर चहाही पाजलास.

तुझी विद्वत्ता हातांत होती. जळका बोर्ड उघडताच, कुठली चिप किती तापली असेल हे तू मीटर लावण्यापूर्वी सांगायचास. यंत्राची ताकद म्हणजे त्याला बाहेर टाकता येणारी उष्णता, हे इतक्या थोड्या शब्दांत मला कुठल्या ग्रंथाने शिकवले नाही. मग खालापूरच्या आमच्या महाविद्यालयात बोलावले तेव्हा मागच्या बाकावर का बसलास? मी नाव घेतल्यावर उठलास आणि म्हणालास, "मॅडमनी सांगितलं ते बरोबर हाय." बस, एवढेच! मी तुझ्यावर आठवडाभर रागावले होते. आजही थोडी रागावलेली आहेच.

पण एक गोष्ट माझ्याकडून घडली, ती राहून राहून सलते. एका कन्सोलच्या वेळी तू साठवणुकीचा अंदाज साफ चुकलास. जुन्या धाटणीची फिरती डिस्कच राहील, असे लिहिले होतेस. लाल शाईने कबुली लिहिलीस तेव्हा दुकानातले लोक हसले, "इकबालभाई, या खेपेला नापास!" तू म्हणालास, "नापास हाय, पन शाळा सोडली नाय." तू चहा सांगायला बाहेर गेलास आणि मी डस्टर घेऊन ती ओळ पुसली. तुझी शोभा होऊ नये म्हणून, असे मी स्वतःला समजावले. परत येऊन तू तीच ओळ पुन्हा लिहिलीस, अक्षर न अक्षर. मग हळूच म्हणालास, "माझी चूक हाय ती. तू कशाला पुसतेस?" माझ्या तीस वर्षांच्या लेखनातली एकही चूक मी कोणाला दिसू दिलेली नाही, हे तुला ठाऊक होते का रे?

काल मी तुझ्या खुर्चीत बसले. ताकद तिप्पट होणार, अशा अफवा आहेत. टीव्हीखालच्या फडताळात किती उष्णता मावेल, इथूनच मी तुझ्यासारखी सुरुवात केली. लिहिले: 'निव्वळ ताकद सध्याच्या दुपटीच्या आतच. खरी झेप खेळातल्या प्रकाश-सावलीच्या हिशेबात, आणि चित्रातले बारकावे यंत्राने स्वतः भरून काढण्यात.' खाली सही केली.

कशेळ्याहून जीपने आलेले एक गृहस्थ ते वाचत उभे होते. "मॅडम, पोरीला दहावीनंतर घेऊन देईन म्हनलंय. थांबू ना मंग?"

"थांबा," मी म्हणाले.

"नक्की येल तवर?"

"नक्की नाही."

वर्गात हे दोन शब्द मी कधी उच्चारलेले नाहीत. ते गृहस्थ मात्र समाधानाने हसले. "इकबालभाई बी असंच म्हनायचे," म्हणाले, आणि रिकाम्या हाताने परत गेले.

म्हणजे आता एक मुलगी माझ्या भरवशावर थांबली आहे. त्या ओझ्याने मला काल जेवण गेले नाही. तू हे ओझे इतकी वर्षे हसत कसे वाहिलेस?

तुला शब्द देते. तो कन्सोल आला की तुझ्याच टेबलावर, तुझ्याच मीटरने, सर्वांसमोर मी तो मोजीन. चुकले असेन तर पहिला फोन कशेळ्याला करीन, कोणतीही सबब न सांगता. आणि त्या दिवशी डस्टर नसरीनच्या हाती देऊन ठेवीन. माझ्या हातावर माझा अजून पुरता विश्वास नाही.

तुझ्या वर्गातली,
मृणालिनी