बेणलेलं रान

दादा, काल तुमच्या चौकोनात जाऊन आले.

चौकोन म्हटलं की तुम्ही अजूनही मान खाली घालाल, ठाऊक आहे मला. गोखिवऱ्यामागच्या डोंगरात मी सुतळी बांधून रानाचा एक तुकडा आखला होता. तिथे आपोआप उगवलेली रोपं मोजायची, त्यातली कुठली जगतात ते बघायचं, हे माझं पीएच.डी.चं काम. तुम्हाला ते कधी पटलं नाही. सांडोरची आपली केळीची वाडी तुम्ही अशी लख्ख ठेवायचात की तणाचं पातं सापडू नये, आणि तुमची लेक शिष्यवृत्ती घेऊन तण मोजणार! "एवडी शिकली नि पाला राखाला बसली," असं आळीभर सांगत फिरायचात, तेही कौतुकानं.

मग एकदा हट्टानं बरोबर आलात, कोयता घेऊनच. मी ओढ्यापलीकडे गेले आणि परत येऊन बघते तर तुम्ही घाम पुसत उभे आहात आणि सुतळीच्या आतली जमीन आपल्या अंगणासारखी साफ. ऐन, कुंभा, कारवी, सगळी रोपं बेणून कडेला नीट रचलेली.

"घे, तुजा वाफा साफ केला. किती माजलेला गो!"

मला रडूच फुटलं. तुम्हाला वाटलं, काहीतरी चावलं. खरं कळल्यावर तुम्ही गुडघ्यांवर बसलात आणि मुळं तुटलेली ती रोपं एकेक करून परत मातीत खोचायला लागलात.

"परत येल ना गो सगलं?"

गाईड म्हणाले, तो तुकडा सोडून द्या. मी सोडला नाही. तोडलेलं रान आपलं आपण कसं परत येतं, हाच पुढे माझा विषय झाला. नोकरी, प्राध्यापकी, सगळं त्यावर झालं. विषय कसा सुचला असं विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी म्हणते, वडिलांनी दिला. ते हसतात.

मी डोंगरावरून यायचे, पाय धुवायच्या आत तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात. "आलं काय?" बोटभर आलंय, दादा. गुडघाभर आलंय. रान कमरेएवढं झालं त्या वर्षी तुम्ही गेलात. त्यानंतर कामाचं कौतुक खूप झालं, पण तसं दारात उभं राहून कुणी विचारलं नाही.

आता तिथला ऐन मान वर करून बघावा लागतो. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय, चौकोन माझ्या विद्यार्थिनीकडे जाईल. तुम्हाला एकदा त्या सावलीत उभं करायचं होतं. बाकी मला काही नको होतं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? काल माझी शेवटची मोजणी होती. पाय दुखत होता म्हणून मोजणी राहून गेली, असं मी त्या विद्यार्थिनीला सांगितलंय. पाय धडधाकट आहेत माझे. मी ऐनाला टेकून बसले आणि आसपास कुणी नाही असं बघून तुम्हाला मोठमोठ्यानं हाका मारत राहिले.