विलायती शेडवरचा ठसा

आई, तुझी दिव्यावरची गुलाबी काचेची शेड परवा मी तुझ्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून बाजारात नेली. विकायला नाही. ती कोणत्या कारखान्यात घडली, ते विचारायला.

लातूरला सासरी येताना तू ती माहेरून आणलीस. मुदखेडला रेल्वेत असलेल्या तुझ्या वडिलांना ती साहेबाच्या बंगल्यातून मिळालेली, विलायतेत बनलेली, एवढंच तू सांगायचीस. बैठकीत ट्यूबलाइट होती, म्हणून बाबांनी ती स्वयंपाकघरातल्या बल्बवर चढवली. आत्या दारात उभी राहून म्हणते, "चुलीवर झुंबर! अन् म्हणं विलायती. मुदखेडच्या बाजारात ढिगानं मिळत्यात असल्या." सगळे हसतात. तू पोळी उलटतेस. पुढे आमच्या घरात कुणी काही फुगवून सांगितलं की त्याला 'विलायती' म्हणायची पद्धतच पडली. तुला खोटं बोलता येत नव्हतं आणि तो शब्द तुझ्याच नावावर बसला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे माझ्या मनातून का जात नाही, कळत नाही. आत्या आता फार थकली आहे. ती आहे तोवर कारखान्याचं नाव तिच्यापुढे ठेवावं, एवढंच डोक्यात होतं. शोध घेतेय, हे तिला फोनवर सांगूनही टाकलं होतं.

नांदेडला जुन्या काचसामानाचं दुकान चालवणाऱ्या चाचांनी शेड उजेडात फिरवली, नखानं वाजवली. आतून दुधी, बाहेरून गुलाबी, काठाला झालरीसारख्या चुण्या. "ताई, माल जुना हाय, चांगला हाय. पण असला माल विलायतेतबी व्हायचा अन् इकडंबी. कंपनीचा ठसा पायजे." मग गळ्याजवळ, पितळी कडं बसतं तिथं, त्यांनी भिंग धरलं. सोनेरी रंगाची एक पुसट कमान. अक्षर एकही नाही. "कशानं घासत व्हते हे?" मी म्हटलं, फोडणीचा चिकटा बसायचा, आई दर दिवाळीला राखेनं घासायची. चाचा मोठ्यानं हसले. "तुमच्या अम्मीनं मळ न्हाई, कंपनीच धुऊन टाकली!" मीही हसले. रिक्षात बसल्यावर मात्र आठवलं: तू परातीत शेड धरून बसली आहेस, "हितला डाग निघंनाच बघ" म्हणते आहेस, आणि अंगठ्यानं तिथंच जोर देते आहेस. तुझ्या बाजूनं बोलणारं तेवढंच होतं, आणि ते तूच दरवर्षी थोडं थोडं पुसत होतीस.

काल लातूरला आत्याकडे गेले. बसायच्या आत तिनं विचारलं, "काय गं, लागला का पत्ता?"

"लागला," मी म्हटलं. "विलायतेचीच निघाली."

ती पदराचा काठ चाचपू लागली. मग म्हणाली, "मंग खरंच बोलत व्हती की गं ती. लई हसलो आम्ही तिला."

हे ऐकायला तू हवी होतीस, असं लिहिणार होते. पण तू असतीस तर मला तिथंच थांबवलं असतंस. शेड खरंच कुठली, मला अजूनही ठाऊक नाही. रोजचं सगळं वहीत जसंच्या तसं लिहिणारी मी; कालच्या पानावर 'आत्याकडे जाऊन आले' एवढंच आहे. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. आत्याला फोन करून खरं सांगावं, असं सकाळपासून दोनदा मनात आलं. मी केला नाही.